केवळाबाईच्या मानेतली शीर

राणीसावरगावच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी धनगरांची थोडी घरं आहेत. त्या वस्तीत केवळाबाईला भित्री म्हणणारा माणूस शोधून सापडला नसता. एकदा लांडगा शेळ्यांत शिरला, तेव्हा ही ओली बाळंतीण कुऱ्हाड घेऊन त्याच्या मागं पार ओढ्यापर्यंत धावली होती. नवरा रायभान दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गोदाकाठच्या रानात उतरायचा, तो पाऊस तोंडावर येईपर्यंत तिकडंच. मागं राहिलेल्या शेळ्या, बरड जमिनीचा तुकडा, पोरगा मल्हार आणि अंथरुणाला खिळलेली सासू, सगळं केवळाबाईनं एकटीनं ओढलं. मल्हार मोठा झाला, गंगाखेडला हार्डवेअरच्या दुकानात लागला. सासू गेली. आता कुठं बाईच्या जिवाला थोडी उसंत मिळाली होती.

त्या दिवशी ती माळावर बाभळीच्या शेंगा पाडत होती. काठी वर गेली आणि डाव्या डोळ्यावर वरून काळं उतरत आलं. डोळा सताड उघडा होता, तरी कुणी दुकानाचं शटर ओढावं तसं ते सावकाश खाली आलं आणि डावीकडचं सगळं मिटलं. दुखलं नाही की खुपलं नाही. तिनं उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला, तर पुढं ठार अंधार. शेळ्यांच्या शेंगा खाण्याचा कुरकुर आवाज तेवढा येत होता.

ती मटकन खाली बसली. पदर तोंडात धरून बसून राहिली. थोड्या वेळानं ते काळं जसं आलं तसंच खालून वर गेलं. आधी शेळ्यांचे पाय दिसले, मग पाठी, मग बाभूळ. सगळं जागच्या जागी. जणू काही झालंच नव्हतं.

पण केवळाबाईला सासू आठवली होती.

तानुबाई, तिची सासू, चांगली खमकी बाई. एका सकाळी जात्यावर बसली होती ती तिथंच कलंडली. लकवा. उजवं अंग गेलं, वाचा गेली. वाचा म्हणजे एक शब्द राहिला, 'दे'. तहान लागली तरी 'दे', कूस दुखली तरी 'दे', राग आला तरी डोळे वटारून 'दे, दे'. रडतानासुद्धा तोच शब्द. म्हातारीला सगळं कळत होतं, हे केवळाबाईला तिच्या डोळ्यांत दिसायचं, पण जिभेवर दुसरं काही यायचं नाही. अशी ती वर्षानुवर्षं बाजेवर पडून राहिली. तिला भरवणं, धुणं, कुशीवर वळवणं सगळं केवळाबाईनं केलं. मरण काय, सगळ्यांनाच यायचं आहे, असं ती म्हणायची. बाजेची मात्र तिनं धास्तीच घेतली होती. सासू गेली त्याच दिवशी तिनं ती बाज तोडून चुलीत घातली.

डोळ्याचं तिनं कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं की खरं होईल, असं तिला वाटत होतं. आडून आडून शेजारच्या बायनाबाईला विचारलं, "तुला कदी अंधारी येती का गं?"

"येती की. उन्हाचं व्हतंय तसं. गूळ-शेंगदाणं खात जाय," बायनाबाई म्हणाली.

केवळाबाईनं गूळ-शेंगदाणे खाल्ले. देवापुढं नारळ फोडला. पण एक खोड लागली ती लागलीच. उठता-बसता उजव्या डोळ्यावर हात ठेवून डाव्या डोळ्यानं दिसतंय का हे बघायचं. भाकरी थापताना मधेच पिठाचा हात डोळ्यावर. दूध काढताना डोळ्यावर. दिसलं की हायसं वाटायचं, आणि हात खाली घेतला की लगेच वाटायचं, आता गेला असेल तर?

दुसऱ्या वेळेला ती विहिरीच्या काठावर होती. पोहरा वर येत होता, आणि शटर उतरलं. एक पाय दगडावर, एक पाय आत झुकलेला. तिनं दोर सोडून दिला आणि पाठीवर उताणी पडली. पोहरा खाली पाण्यात आदळल्याचा आवाज आला. आभाळ अर्धंच दिसत होतं. ती तशीच पडून राहिली. 'मी बोलू शकते का?' हे बघायला तिनं शेळ्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. "कबरी, चांदी, बांडी, मोरी..." नावं बरोबर येत होती. आवाज मात्र कुणा दुसऱ्याच बाईचा वाटत होता.

त्याच आठवड्यात गावातल्या शाळेत डोळे तपासायचं शिबिर लागलं. मोतीबिंदूच्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांची रांग होती. केवळाबाईही जाऊन बसली. चष्मा लागला म्हणाले तर बरंच, मोतीबिंदू म्हणाले तर त्याहून बरं, असं मनात घोकत. डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्या, उजेड टोचायला लागला. डॉक्टर पन्नाशीचे, गप्पिष्ट गृहस्थ. त्यांनी उजवा डोळा बघितला, काहीतरी चेष्टा केली. डावा बघायला लागले आणि गप्प झाले. परत बघितलं. खुर्ची जवळ ओढून आणखी एकदा बघितलं.

"मावशी, या डोळ्यानं मधेच दिसायचं बंद झालं होतं का? थोडा वेळ?"

"न्हाई," केवळाबाई म्हणाली.

"आठवून बघा. पडदा पडल्यासारखं?"

पडदा हा शब्द ऐकला आणि तिचा धीर सुटला. "दोन बारी झालं, साहेब. डोळा जातोय का माजा?"

"डोळा चांगला आहे तुमचा. डोळ्याच्या मागं बारीक रक्तवाहिन्या असतात ना, त्यातल्या एकीत पिवळा, चमकणारा कण अडकलाय. चरबीचा कण. तो डोळ्यात तयार होत नाही. मानेतल्या मोठ्या शिरेत काहीतरी साचलंय आणि त्याचे तुकडे सुटताहेत. हा डोळ्यात आला म्हणून तुम्ही नशीबवान."

"आन् दुसरीकडं गेला तर?"

डॉक्टर चिठ्ठी लिहायला लागले. "ती शीर मेंदूकडंही जाते. आजच परभणीला जा. उद्या नको."

मल्हार गंगाखेडहून मोटारसायकल मारत आला. आईचा चेहरा बघून तो आधी चिडला. "माय, दोन बारी झालं आन् तू सांगितलं न्हाईस? कामून?"

"भ्या वाटलं रे."

आई 'भ्या' म्हणते हे त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. त्यानं तिची पिशवी उचलली. एसटीत तिला खिडकीशी बसवलं. ती सगळी वाट ओठांतल्या ओठांत शेळ्यांची नावं घेत होती. मधे एकदा एक नाव आठवेना, तर तिनं मल्हारचा दंड असा आवळला की त्याला वळ उठला. मग नाव आठवलं. ती शेळी गेल्या बाजारात विकलेली होती.

परभणीला डॉक्टर अर्पिता म्हणून तरुण बाई होत्या. त्यांनी मानेवर गार मलम लावून यंत्राची मूठ फिरवली. यंत्रातून आवाज आला, सूप-सूप, सूप-सूप.

"ह्ये काय वाजायलंय?" केवळाबाईनं विचारलं.

"तुमचं रक्त, मावशी."

डाव्या बाजूला मूठ आली तसा तो आवाज बदलला. चिंचोळ्या फटीतून वारं घुसावं तसा फुसकारल्यासारखा. अर्पिताबाई पडद्याकडं बघत राहिल्या, केवळाबाई अर्पिताबाईंच्या तोंडाकडं. आपलंच रक्त आपल्याच मानेत असं फुसफुसतंय हे ऐकून तिच्या अंगावर काटा आला.

मग रक्त तपासलं. मानेचा एमआरआयही झाला. त्या नळीत डोकं घालून पडायचं, वर घणाचे घाव घातल्यासारखा आवाज, आणि हलायचं नाही. ती हलली नाही. दात एकमेकांवर आवळून पडून राहिली.

सगळं हाती आल्यावर अर्पिताबाईंनी दोघांना समोर बसवलं. "मानेतली डावी शीर अर्ध्याहून थोडी जास्त बंद आहे," त्या म्हणाल्या.

मल्हारनं मोठा श्वास सोडला. "म्हंजी जवळपास निम्मी उघडी हाय की! मला वाटलं पार बंद झाली."

"तेच तर समजून घ्या. किती बंद आहे यापेक्षा तिथं साचलंय ते कसलं आहे, याची मला जास्त भीती वाटते." त्या केवळाबाईकडं वळल्या. "मावशी, गळू बघितलंय ना? एक गळू मोठं असतं पण कडक असतं. ते महिनोन् महिने तसंच राहतं. दुसरं लहान असतं, पण पिकलेलं. वरची कातडी पातळ, आत सगळं मऊ. त्याला नुसता धक्का लागला तरी?"

"फुटतंय," केवळाबाई म्हणाली.

"तुमच्या शिरेत तसं दुसऱ्या जातीचं आहे. यंत्रात ते मऊ दिसतंय. एमआरआयमध्ये त्याच्या आत रक्त झिरपलेलं दिसतंय. रक्ताच्या तपासणीत सीआरपी म्हणून असतं, ते वाढलेलं आहे. अंगात कुठंतरी दाह चाललाय, असा त्याचा अर्थ."

"त्या रक्तावरून ठरलं का सगळं?" मल्हारनं विचारलं.

"नाही. नुसतं तेवढंच वाढलं असतं तर मी काहीच म्हटलं नसतं. दात किडला तरी ते वाढतं. पण डोळ्यातला कण, दोनदा आलेली अंधारी, आतलं रक्त, हे सगळं एकाच बाजूला बोट दाखवतंय. गोळ्या आत्तापासून चालू करते. पण नांदेडला जाऊन शीर साफ करून घ्यायला हवी, आणि लवकर. पुढचे काही दिवस सगळ्यात धोक्याचे आहेत." मग त्यांनी केवळाबाईच्या काळ्या दातांकडं बघितलं. "आणि मिश्री आजपासून बंद."

केवळाबाईला मिश्रीचं काही वाटलं नाही. 'पिकलंय' हा शब्द तिच्या डोक्यात अडकून बसला. ती मान वळवायलाच भिऊ लागली. मल्हारनं हाक मारली तर अख्खं अंग फिरवून बघायची. खोकला आला तर गिळायची. कुणी मागून घाईनं गेलं, धक्का लागला, तर हात आपसूक मानेवर जायचा.

मल्हारनं बापाला फोन लावला. रायभान पाथरीच्या शिवारात मेंढरं बसवून होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "निम्मी शीर उघडी हाय तर मान कापायची कशाला? गोळ्या खाऊ दे. मेंढरं सोडून मी कसा येऊ?"

केवळाबाईनं फोन हातात घेतला. "नगा येऊ तुमी," एवढंच म्हणाली आणि मल्हारकडं परत दिला.

स्टेशनवर पोचले तर नांदेडची गाडी समोरच उभी होती, तीच धरली. दुपारचं ऊन, डब्यात गर्दी बेताची. पूर्णा गेलं. केवळाबाईच्या हातात पाण्याची बाटली होती. चुडाव्याला गाडी थांबली, तेव्हा ती बाटली हातातून सुटून खाली पडली.

ती वाकून उचलायला गेली, तर उजवा हात गेलाच नाही. मांडीवर पडलेला हात तिला दिसत होता, पण तो कुणीतरी तिथं ठेवून गेल्यासारखा. तिनं मल्हारला सांगायला तोंड उघडलं.

"दे," तिच्या तोंडून निघालं.

मल्हारनं बाटली उचलून पुढं केली. "घे की."

तिला म्हणायचं होतं, बाटली नको, हात बघ माझा. तिनं सगळा जोर लावला. "दे... दे..."

मल्हारला आजी आठवली. "माय! माय, माज्याकडं बघ! आवो, कुणी डॉक्टर हाय का डब्यात? माज्या मायला लकवा झाला!" लोक उठले. कुणी कांदा शोधायला लागलं, कुणी तळवे चोळायला लागलं. समोरच्या बाकावरची एक मुसलमान म्हातारी तिचं डोकं मांडीवर घेऊन म्हणत होती, "कुछ नहीं होता बेटी, कुछ नहीं." केवळाबाईला सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. हेच सगळ्यात भयंकर होतं. सासूलाही असंच कळत असणार. तीही अशीच आत कोंडली गेली असणार, आणि बाहेर मी चमचा घेऊन बसलेली.

गाडी हलली. खिडकीतून चुडाव्याची पाटी मागं सरकली. तिनं बोटांकडं बघत त्यांना हुकूम सोडला. हलली नाहीत. परत सोडला. पुढचं स्टेशन यायच्या आत करंगळी थरथरली, मग बोटं, मग मनगट. जीभ मोकळी व्हायला आणखी थोडा वेळ लागला. पहिला शब्द आला तो "मल्हार". पोरगा ढसढसा रडायला लागला. म्हातारीनं त्यालाही जवळ घेतलं.

नांदेडच्या दवाखान्यात त्यांना बाकावर बसू दिलं नाही, थेट आत घेतलं. शिरांचे सर्जन थोडं बोलणारे, आवाजात मार्दव असलेले. ते म्हणाले, "शीर उघडून आतलं साचलेलं काढून टाकायचं. पण एक गोष्ट लपवणार नाही. ज्या झटक्यातून तुम्हाला वाचवायचं आहे, तोच झटका या ऑपरेशनमध्ये शंभरातल्या दोन-तिघांना येतो."

"आन् केलं न्हाई तर?"

"तर त्याहून बऱ्याच जास्त जणांना येतो. तुम्हाला गाडीत येऊन गेला, तो इशारा होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी रायभान दारात उभा होता. अंगावर घोंगडी, पाय धुळीनं माखलेले, दाढी वाढलेली. मेंढरं भावकीतल्या आदिनाथाच्या हवाली करून, मिळेल त्या वाहनानं आला होता. तिच्या पायाशी उभा राहून तो म्हणाला, "तू म्हणशील तसं करू."

केवळाबाई भडकली. "जल्मभर हेच केलंव तुमी! मी म्हणंल तसं! आज मला भ्या वाटायलंय. आज तरी तुमी सांगा की!"

रायभाननं घोंगडीचं टोक चुरगाळलं. तो म्हणाला, "मला बी वाटायलंय. तुज्याहून लय."

तिनं त्याला खाटेच्या कडेला बसवलं. मग म्हणाली, "बाजंवर पडले तर माज्यासंगं बोलत चला. आयकू येतं सगळं. कळतं बी."

ऑपरेशन जागेपणीच करायचं ठरलं. मान बधिर केली, तोंडाच्या बाजूनं हिरवं कापड लावलं. उजव्या हातात एक रबरी बदक दिलं, लहान पोरांचं, दाबलं की चीं वाजणारं. सर्जन म्हणाले, "मी म्हणेन तेव्हा दाबायचं. बदक वाजतंय तोवर तुमचा मेंदू ठीक आहे, हे मला कळतं. आणि बोलत राहा काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. शेळी विते कशी ते सांगा."

ती सांगायला लागली. शेळी आधी कोपरा धरती, खुरानं जमीन उकरती. करडू आडवं असलं की हाताला तेल लावून आत घालायचा, पुढचा पाय शोधायचा. मानेशी ओढाताण जाणवत होती, दुखत नव्हतं. सर्जन म्हणाले, "आता शीर बंद करतोय. दाबा." चीं. "परत." चीं. ती बोलत होती, बोलताना दात वाजत होते.

"दाबा, मावशी."

बदक वाजलं नाही.

खोलीतली सगळी हालचाल थांबली. कुणाचातरी चिमटा ताटलीत खणकला. "मावशी, दाबा!" केवळाबाईला वाटत होतं, मी दाबतेय. नक्की दाबतेय. मग का वाजत नाही? तिच्या डोळ्यांपुढं जात्यावर कलंडलेली सासू आली. ती ओरडली, "दाबायले की वो मी!"

नर्सनं कापड उचलून खाली बघितलं. बदक घामानं निसटून चादरीवर पडलं होतं. केवळाबाई रिकामी मूठ आवळत होती, नखं तळहातात रुतेपर्यंत. नर्सनं बदक परत मुठीत दिलं. चीं. चीं. चीं. कुणी सांगितलं नसतानाही ती दाबत राहिली, शीर शिवून रक्त चालू होईपर्यंत.

शिरेतून काढलेलं सर्जनांनी नंतर मल्हारला आणि रायभानला दाखवलं. बोटाच्या पेराएवढं, पिवळट, आत लोण्यासारखं मऊ, मधे काळपट रक्त. एका जागी वरचा पापुद्रा फाटलेला होता. रायभान ते बघायला खाली वाकला. "एवढंसं?" तो म्हणाला. जन्मभर मेंढरांच्या अंगावरचे किडे, गाठी, जखमा बघितलेला माणूस, पण बाहेर येऊन भिंतीला धरून उभा राहिला.

केवळाबाई घरी आली. मानेतल्या नसा ताणल्यानं ओठाचा डावा कोपरा थोडे दिवस उतरलेला होता, चहा पिताना ओघळायचा. तोंड धुताना हात मिश्रीच्या डबीकडं जायचा, मग ती डबी बायनाबाईला देऊन टाकली. आवाज बसला होता, तो पावसाळाभर तसाच घोगरा राहिला. हाक मारली की शेळ्या मान वर करून बघायच्या आणि परत चरायला लागायच्या. गोळ्या जन्माच्या लागल्या. उजव्या बाजूच्या शिरेतही थोडं साचलेलं आहे, असं अर्पिताबाईंनी सांगितलं होतं. पण ते कडक आहे, त्यावर नुसती नजर ठेवायची.

पुढच्या तपासणीला तिनं विचारलं, "ह्ये कवा पिकंल?"

"कदाचित कधीच नाही."

"कदाचित म्हंजी?"

"म्हणजे मला माहीत नाही, मावशी. गोळ्या घ्या. अंधारी आली, हात जड झाला, जीभ अडखळली, तर त्याच घटकेला निघायचं. लपवायचं नाही."

असं भ्या तिच्या घरी कायमचं राहायला आलं. आताशा ती त्याच्याशी भांडत नाही. सकाळी गोळी घेताना आरशात ओठ बघते, दोन्ही हात वर करून बघते, मोठ्यानं चार शब्द बोलून बघते आणि कामाला लागते.

दिवाळी झाली. रायभाननं मेंढरं आदिनाथाबरोबर पाठवून दिली, आपण मागं राहिला. कारण विचारलं तर म्हणाला, गुडघा दुखतोय. केवळाबाईनं शेळ्या सोडल्या आणि ती माळाला लागली. अर्ध्या चढावर वळून बघितलं, तर हा मागं, खांद्यावर घोंगडी टाकून, दुसरीकडंच बघत चालल्यासारखा.

"गुडगा दुखायलाय ना? माघारी जा!" ती घोगऱ्या आवाजात ओरडली.

"जातो की," तो म्हणाला आणि तिथंच एका दगडावर बसला.

ती आणखी वर गेली. तोही उठला.